एकत्रित रिटर्नवर सही माझी, लपवलेलं उत्पन्न त्याचं: आयआरएसच्या (अमेरिकी आयकर खात्याच्या) थकबाकीतून सुटका होईल का?

रानजाई | १२ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी न्यू जर्सीत राहते, एका शाळेत साहाय्यक शिक्षिका आहे. एप्रिल २०२३ मध्ये मुलीला घेऊन वेगळी झाले आणि गेल्या नोव्हेंबरात घटस्फोटाचा निकाल लागला. यंदाचं रिटर्न मी स्वतः भरलं. २१४० डॉलर परतावा येणार होता, त्यातून मुलीच्या दातांना तारा बसवायच्या असं ठरवलं होतं. मार्चमध्ये पैसे आलेच नाहीत, पत्र आलं. माझा परतावा २०२१ च्या थकबाकीत वळता करून घेतला होता.

आयआरएसच्या संकेतस्थळावर खातं उघडून पाहिलं तर आम्हा नवरा-बायकोच्या २०२१ च्या एकत्रित रिटर्नवर कर, दंड, व्याज मिळून ३४ हजार डॉलरच्या आसपास येणं दिसलं. त्या वर्षी नवऱ्याने नोकरीव्यतिरिक्त दोन कंपन्यांची कामं घेतली होती. त्यांनी १०९९-एनईसी (नोकरीबाहेरच्या कामाच्या मोबदल्याची नोंद असलेले फॉर्म) दिले होते, एकूण ६८ हजारांचे. रिटर्नमध्ये त्यातला एक डॉलरही दाखवलेला नाही. सगळी पत्रं जुन्या घरी गेली. तिथे अजून तोच राहतो.

आमचं रिटर्न दरवर्षी तोच एका करसल्लागाराकडून करून घ्यायचा. एप्रिलमध्ये माझ्या फोनवर दुवा यायचा आणि तो म्हणायचा, "इथे नाव टाईप कर, आज शेवटचा दिवस आहे." मी टाईप करायचे. एकदा "जरा बघू तरी" म्हटलं होतं, तर दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. पुन्हा विचारलं नाही.

घटस्फोटाच्या करारात स्पष्ट लिहिलंय की लग्नाच्या काळातले सगळे जुने कर त्याने भरायचे. मग आयआरएस माझ्या मागे कशी? यातून मार्ग आहे का? झोप लागत नाही, खरंच.

---

निळाशार | १२ एप्रिल २०२५

रानजाई, वाचून फार वाईट वाटलं. फॉर्म ८३७९ भर. माझ्या मैत्रिणीचा परतावा नवऱ्याच्या जुन्या विद्यार्थी कर्जात कापला होता, दोन-तीन महिन्यांत तिचा वाटा परत मिळाला.

---

शिरीष_शिकागो | १२ एप्रिल २०२५

निळाशार, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे तो फॉर्म चालणार नाही. हा गोंधळ इतक्या जणांचा होतो की आधी तेवढंच सांगतो. ८३७९ 'इंजर्ड स्पाउस'साठी असतो. म्हणजे नवऱ्याचं *स्वतःचं* जुनं देणं, जसं विद्यार्थी कर्ज किंवा आधीच्या लग्नातल्या मुलाची पोटगी, आणि त्यात दोघांच्या *एकत्रित* रिटर्नचा परतावा कापला गेला, तर बायकोने आपला वाटा परत मागायचा. रानजाईंच्या बाबतीत देणंच दोघांचं धरलंय. त्यांना लागणार 'इनोसंट स्पाउस'चा अर्ज, फॉर्म ८८५७.

मी एनरोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसचा परवाना असलेला करसल्लागार आहे, चौदा वर्षं हेच काम करतो. तुमची फाइल पाहिलेली नाही, त्यामुळे हा सल्ला नाही, माहिती समजा.

आधी कराराबद्दल. एकत्रित रिटर्नवर दोघांची सही झाली की संपूर्ण कराची जबाबदारी दोघांवर एकत्र आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणेही येते. आयआरएस हवं त्याच्याकडून पूर्ण रक्कम वसूल करू शकते. घटस्फोटाच्या करारात आयआरएस पक्षकार नसते, म्हणून तो करार तिला बांधत नाही. त्या कलमाच्या जोरावर तुम्ही नवऱ्याला कौटुंबिक न्यायालयात खेचू शकता, पण ती लढाई वेगळी. आणि रिटर्नची मुदत उलटली की 'एकत्रित'चं 'वेगवेगळं' करता येत नाही, तेव्हा तोही रस्ता बंद.

१९९८ साली अमेरिकी काँग्रेसने करकायद्यात कलम ६०१५ घातलं. त्यात सुटकेच्या तीन वाटा आहेत.

पहिली, पोटकलम बी. कर कमी दाखवला गेला तो जोडीदाराच्या चुकीमुळे, सही करताना तुम्हाला ते ठाऊक नव्हतं आणि *ठाऊक असायला हवं होतं असंही म्हणता येत नाही*, शिवाय तुम्हाला जबाबदार धरणं अन्यायाचं ठरेल. या वाटेने सुटका झाली तर तुमच्या पैशांतून वसूल झालेली रक्कम परतही मिळू शकते.

दुसरी, पोटकलम सी. घटस्फोट झालेला असेल, कायदेशीर विभक्त असाल, जोडीदार वारला असेल किंवा अर्जाआधीचे बारा महिने एका घरात राहत नसाल, तर कमी पडलेला कर दोघांत वाटून मागता येतो. १०९९ त्याचे, म्हणून त्यावरचा कर त्याचा. इथे 'ठाऊक असायला हवं होतं' हा प्रश्न नाही. तुम्हाला *प्रत्यक्ष माहीत होतं* हे आयआरएसला दाखवावं लागतं. मात्र या वाटेने परतावा मिळत नाही.

तिसरी, पोटकलम एफ, न्यायबुद्धीने दिलेली सूट. पहिल्या दोन्हींत न बसणाऱ्यांसाठी.

बी आणि सी साठी, तुमच्याविरुद्ध पहिली वसुली झाल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. नुसती सीपी २००० नोटीस (रिटर्नमधलं उत्पन्न जुळत नाही असं कळवणारी) वसुलीत धरत नाहीत, पण परतावा कापून घेणं धरतात. म्हणजे तुमची मुदत यंदाच्या मार्चपासून चालू झाली. एफ साठीही पूर्वी दोन वर्षांचीच अट होती. २०११ साली आयआरएसने ती सोडली आणि २०१९ च्या कायद्याने ते पक्कं केलं. आता वसुलीची मुदत, साधारणपणे दहा वर्षं, संपेपर्यंत तो अर्ज करता येतो.

वेळ आहे, पण थांबू नका.

---

रानजाई | १२ एप्रिल २०२५

शिरीषदादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'ठाऊक असायला हवं होतं' यावरच अडकले आहे. मी एम.एस्सी. आहे. मला कोण म्हणेल की हिला माहीत नव्हतं?

---

सडेतोड | १३ एप्रिल २०२५

कटू वाटेल, पण बोलतो. एवढं शिकलेली बाई न वाचता सही करते आणि नंतर मला माहीत नव्हतं म्हणते, हे पटत नाही. उद्या प्रत्येक घटस्फोटित हेच म्हणेल. सही म्हणजे सही.

---

आजोळ | १३ एप्रिल २०२५

सडेतोड, मी एकोणसत्तर वर्षांची आहे आणि बँकेत नोकरी केलेली आहे. दुसऱ्यांची कर्जाची कागदपत्रं ओळ न् ओळ वाचायचे. घरातल्या कागदांवर मात्र हे 'सही कर' म्हणाले की करायचे. त्यात शिक्षणाचा संबंध नसतो. घरात सही हा विश्वासाचा भाग असतो, आणि पुष्कळ घरांत भांडण टाळण्याचा. तुम्ही गेल्या वर्षीचं रिटर्न स्वतः पानन् पान वाचलंत का, ते मनाशी आठवून पाहा.

रानजाई, बाळ, माझी गोष्ट सांगते. आमचे हे २०१६ मध्ये गेले. नंतर कळलं की २०१४ आणि २०१५ चा कर रिटर्नमध्ये बरोबर *दाखवला* होता, पण *भरलाच* नव्हता. लपवलेलं काहीच नव्हतं, नुसतं देणं थकलेलं. अशा वेळी बी आणि सी लागू होत नाहीत, फक्त एफ उरतं. २०१४ साठी मला सूट मिळाली, कारण हे भरतील असं मानायला मला कारण होतं. तेव्हा धंदा चालू होता. २०१५ ची नाकारली. त्या वर्षी ते आजारी पडले होते, पैसे संपत आलेत हे मला दिसत होतं, आणि अर्जात मी तसं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. ती रक्कम हप्त्यांनी पाच वर्षं फेडली. खोटं लिहिलं असतं तर कदाचित सुटलेही असते, पण फॉर्मवर शपथेवर सही असते. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

---

शिरीष_शिकागो | १३ एप्रिल २०२५

आजोळ, तुमच्या अनुभवातून कायद्यातला फरक फार नीट कळतो.

रानजाई, शिक्षण हा अनेक निकषांपैकी एक. बाकीचेही बघतात. घरचा आर्थिक व्यवहार कोण पाहायचं? त्या वर्षी राहणीमान एकदम वाढलं का, म्हणजे नवी गाडी, महागड्या सहली? जोडीदार टाळाटाळ करायचा का? विचारल्यावर चिडायचा, पैशाची माहिती दडवायचा, तर ते महत्त्वाचं आहे. २०१३ साली आयआरएसने न्यायबुद्धीच्या सुटीचे निकष सुधारले तेव्हा छळ आणि आर्थिक नियंत्रण यांना बरंच वजन दिलं. काही माहीत असूनही भीतीपोटी बोलता आलं नसेल, तर तेही विचारात घेतात.

तुम्ही "दोन दिवस कुणी बोललं नाही" एवढंच लिहिलंत. त्यामागे आणखी काही असेल तर ते इथे लिहू नका. अर्जात लिहा.

आता काय गोळा करायचं. आयआरएसकडच्या नोंदींचे दोन उतारे: २०२१ चा अकाउंट ट्रान्सक्रिप्ट (खात्यावरच्या कर-वसुलीचा) आणि वेज अँड इन्कम ट्रान्सक्रिप्ट (कंपन्यांनी कळवलेल्या उत्पन्नाचा). रिटर्नची प्रत. दोघांच्या संयुक्त खात्याची २०२१ ची सगळी विवरणपत्रं, कारण त्या ६८ हजारांतलं काही तिथे जमा झालं नसेल तर तो तुमचा सगळ्यात बोलका पुरावा. करसल्लागाराशी झालेले ईमेल. त्यात तुम्ही कुठेच नसाल तर *तेही* सांगण्यासारखं आहे. घटस्फोटाचा निकाल. आणि आजची तुमची मासिक कमाई-खर्चाची मांडणी, फॉर्ममध्ये ती विचारतात. फॉर्म रिटर्नला जोडून पाठवायचा नसतो, तो स्वतंत्र जातो, केंटकीतल्या कव्हिंग्टनच्या पत्त्यावर.

---

अमोघ_ऑस्टिन | १३ एप्रिल २०२५

टेक्सासवाल्यांसाठी भर घालतो. आमच्याकडे 'कम्युनिटी प्रॉपर्टी'चा कायदा आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ॲरिझोना, नेव्हाडा, न्यू मेक्सिको, आयडाहो, लुइझियाना, विस्कॉन्सिन, अशी नऊ राज्यं. तिथे लग्नानंतरची कमाई दोघांची निम्मी-निम्मी मानतात. त्यामुळे *वेगवेगळी* रिटर्न भरली तरी त्याच्या न दाखवलेल्या कमाईचा अर्धा भाग तुमच्या माथी येऊ शकतो. अशांसाठी कलम ६६ खाली वेगळी सूट आहे, फॉर्म मात्र तोच, ८८५७. आमच्या मित्रमंडळात एकीने वेगळं रिटर्न भरून निर्धास्त राहायचं ठरवलं होतं, तिला हे कळल्यावर धक्काच बसला.

---

मांडवीतीर | १४ एप्रिल २०२५

अमोघ, हे वाचून मला आमचं गोंय आठवलं. पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे आमच्यात लग्नानंतरची मालमत्ता दोघांची समाईक. म्हणून १९६१ च्या भारतीय आयकर कायद्यात कलम ५अ घातलं गेलं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न, घरभाडं, धंदा, व्याज, नवरा-बायकोत निम्मं वाटून दोघांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. माझ्या आईने आयुष्यात दुकानाचा गल्ला मोजला नाही, पण बाबांच्या दुकानाचा अर्धा नफा तिच्या नावावर लागायचा. तेव्हा आम्हाला तो मान वाटायचा. आज वाचताना वाटतं, तिने एकदा तरी हिशेब विचारायला हवा होता.

---

पेठेतली_मुक्ता | १५ एप्रिल २०२५

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी पुण्यात, नवरा डॅलसला. भारतात आपलं रिटर्न आपल्या पॅनवर, नवऱ्याचं त्याच्या. त्यामुळे हे 'एकत्रित' प्रकरण मला कधी समजलंच नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने माझ्याकडून पासपोर्टच्या प्रती आणि सह्या घेऊन आयटीआयएन (अमेरिकेतला करदात्याचा क्रमांक) काढला. म्हणाला, एकत्र भरलं की कर कमी बसतो. मी अमेरिकेत राहतही नाही. मलाही हे लागू होतं का?

---

शिरीष_शिकागो | १५ एप्रिल २०२५

मुक्ताताई, होतं. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या पत्नीला निवासी मानून एकत्रित रिटर्न भरायची सोय आहे, कलम ६०१३ चं जी पोटकलम. त्यासाठी दोघांच्या सहीचं निवेदन जोडावं लागतं. पण ते निवडलं की तुमचं *जगभरातलं* उत्पन्न त्या रिटर्नमध्ये यायला हवं. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, मुदत ठेवींचं व्याज, आणि भारतात करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजही. आपल्या लोकांची चूक नेमकी इथेच होते, आणि त्यात लपवण्याचा हेतू बहुतेक वेळा नसतो. खात्यांची माहिती कळवण्याचा भारत-अमेरिका फॅटका करार २०१५ चा आहे, भारतीय बँकांकडून माहिती जाते.

परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरवर गेली तर त्या खात्यांसाठी एफबार हे वेगळं विवरण भरावं लागतं. इनोसंट स्पाउसची सूट आयकरासाठी आहे, एफबारच्या दंडाला ती लागू नाही. आज रात्रीच नवऱ्याकडून दोन्ही वर्षांच्या रिटर्नची पूर्ण प्रत मागवा. नुसतं पहिलं पान नको.

---

पेठेतली_मुक्ता | १६ एप्रिल २०२५

मागवली. आईबरोबरच्या माझ्या संयुक्त ठेवी कुठेच नाहीत. त्याला खरंच माहीत नव्हतं, मीही कधी सांगितलं नव्हतं. आता दोघं मिळून दुरुस्त रिटर्न भरणार आहोत. रानजाई, तुझ्या धाग्यामुळे हे वेळेत कळलं.

---

रानजाई | २९ जून २०२५

मंडळी, अर्ज पाठवला.

आमच्या भागातल्या अल्प उत्पन्न करदात्यांच्या मदत केंद्रात गेले होते. अशी केंद्रं बहुतेक राज्यांत आहेत. वादातली रक्कम वर्षाला ५० हजार डॉलरच्या आत आणि उत्पन्न त्यांच्या मर्यादेत असेल तर फुकट किंवा नाममात्र पैशांत वकील मिळतो. तिथल्या बाईंनी माझ्यासोबत बसून संयुक्त खात्याचे बारा महिने तपासले. त्या ६८ हजारांतला एकही डॉलर तिथे आलेला नव्हता. त्या वर्षी मी मुलीचे बूटसुद्धा सेलची वाट बघून घेतले होते, त्या पावतीवर माझी नजर बराच वेळ थांबली.

कथन लिहायला मला तीन आठवडे लागले. मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत आणलं. मराठीत लिहिताना जे आठवलं ते थेट इंग्रजीत कधी आठवलंच नसतं.

एक भीती आहे. आयआरएस त्याला कळवणार. वकील बाईंनी आधीच सांगितलंय, हे टळत नाही, छळ झाला असला तरी नाही. त्याला माझा नवा पत्ता, फोन, नोकरीचं ठिकाण मात्र देत नाहीत.

---

शिरीष_शिकागो | २९ जून २०२५

छान केलंत. अर्जाचा निर्णय होईपर्यंत तुमच्याकडून त्या वर्षाची वसुली साधारणपणे थांबते. मात्र तेवढ्या काळात वसुलीच्या दहा वर्षांच्या मुदतीचं घड्याळही थांबलेलं असतं, आणि व्याज चालू राहतं. सहा महिने किंवा जास्तही लागू शकतात. राज्याच्या कराचं विसरू नका, त्याची मागणी वेगळी करावी लागते. न्यू यॉर्कचा आयटी-२८५, कॅलिफोर्नियाचा एफटीबी ७०५ असे फॉर्म आहेत. न्यू जर्सीचं तुमच्या वकील बाईंना विचारा.

---

रानजाई | ६ सप्टेंबर २०२५

त्याला पत्र मिळालं.

मला फोन केला नाही. माझ्या पूर्वीच्या सासूबाईंनी सांगलीला माझ्या बाबांना केला. "तुमची मुलगी माझ्या मुलाला तुरुंगात पाठवतेय." बाबांनी मला विचारलं, "खरं का गं?" मी त्यांना तासभर समजावलं की हा फौजदारी खटला नाही, मी त्याच्यावर आरोप केलेला नाही, जो कर त्याच्या कमाईवर आहे तो माझ्याकडून घेऊ नका एवढंच मागितलंय. बाबा शेवटी म्हणाले, "सही करताना वाचायला मीच शिकवायला हवं होतं." त्या वाक्याने मी जास्त रडले.

---

आजोळ | ६ सप्टेंबर २०२५

बाबांना माझा नमस्कार सांग. आणि सांग, आमच्या पिढीत मुलींना हे कुणीच शिकवलं नाही, त्यांनी एकट्याने मनाला लावून घेऊ नये. फोन आले तर उचलू नकोस, आलेल्या फोनची तारीख-वेळ लिहून ठेव.

---

सडेतोड | ८ सप्टेंबर २०२५

एप्रिलमध्ये मी इथे जे लिहिलं ते चुकीचं होतं. आजोळ यांचा प्रतिसाद वाचून आमची तीन वर्षांची रिटर्न काढली आणि पहिल्यांदाच बायकोबरोबर बसून वाचली. तिने विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत. रानजाई, माफ करा.

---

रानजाई | १७ जानेवारी २०२६

प्राथमिक निर्णयाचं पत्र आलं.

बी नाकारलं. घरची बिलं मी भरायचे, शिक्षण आहे, रिटर्न पाहायची संधी होती, म्हणून माहीत असायला हवं होतं, असं म्हणतात. सी मंजूर. दोन्ही १०९९ वरचा पूर्ण कर, दंड आणि व्याज त्याच्याकडे. २०२१ साठी माझ्या नावावर शून्य.

'शून्य' हा शब्द मुलीला वाचून दाखवला. तिने विचारलं, "मग तारा बसवायच्या?"

सी मुळे ते कापलेले २१४० परत येत नाहीत. शिरीषदादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तरी लागलं. आम्हा दोघांनाही अपिलाला तीस दिवस आहेत, म्हणजे तोही याविरुद्ध जाऊ शकतो. वकील बाई म्हणतात, बी साठी असहमतीचा फॉर्म १२५०९ भरायचा तर भरू, बिलं भरणं आणि त्याचं स्वतंत्र खातं माहीत असणं यांत फरक आहे असं मांडता येईल. अंतिम निर्णय विरोधात गेला तर टॅक्स कोर्टात जायला नव्वद दिवस असतात.

---

शिरीष_शिकागो | १७ जानेवारी २०२६

मनापासून अभिनंदन! ३४ हजारांचं ओझं उतरलंय, ते आधी नीट अनुभवा. १२५०९ बद्दल माझं मत: भरा. तुम्ही त्या बिलांसाठी कुठल्या खात्यातून पैसे द्यायचात आणि त्या खात्यात किती यायचं, एवढं एका पानात मांडलंत तरी मुद्दा पोचतो.

---

रानजाई | २ फेब्रुवारी २०२६

भरला. एका पानातच मांडलं, संयुक्त खात्याच्या महिन्यावार जमेचा तक्ता जोडला. आज रजिस्टर्ड टपालाने गेला, पोच पावती फाइलमध्ये लावली आहे.

दातांच्या डॉक्टरांकडे मार्चची वेळ घेतली आहे. हप्त्यांनी चालेल म्हणाले.